खिडकी इथे, प्रोग्रॅम तिथे: 'एक्स' आणि 'न्यूज'ची झुंज

लिनक्सवर चालणारे दोन कॉम्प्युटर असतील तर एक प्रयोग करून पाहा. एकासमोर बसा आणि 'एक्स'च्या, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, खिडक्या इकडे पाठवण्याचा पर्याय चालू ठेवून एसएसएचने (लांबच्या मशीनवर काम करू देणाऱ्या प्रोग्रॅमने) दुसऱ्याला जोडून घ्या. मग 'एक्सक्लॉक' टाइप करून एंटर दाबा. तुमच्या स्क्रीनवर एक साधंसं घड्याळ उघडेल. काटे तुमच्या डोळ्यांसमोर फिरतील, खिडकी माउसने हवी तिकडे सरकवता येईल, पण घड्याळाचा प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर चालतच नसेल. दुसरं मशीन न्यूयॉर्कची वेळ पाळणारं असेल तर पुण्यातल्या तुमच्या टेबलावर न्यूयॉर्कचे किती वाजलेत ते दिसेल.

मी हे पहिल्यांदा कॉलेजच्या लॅबमध्ये पाहिलं. पलीकडच्या खोलीतल्या मशीनवर चालणाऱ्या 'एक्सआइज' नावाच्या प्रोग्रॅमचे दोन डोळे माझ्या स्क्रीनवर आले आणि माझ्या माउसच्या मागे फिरायला लागले. बुबुळं हलवायची कशी हा हिशोब भिंतीपलीकडे होत होता. हे कसं जमतं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला. उत्तर शोधताना कळलं की १९८०च्या दशकात हे काम करण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती, 'एक्स' आणि 'न्यूज', समोरासमोर उभ्या होत्या. त्यातली एक जिंकली. दुसरी जास्त देखणी होती, आणि ती हरली.

आधी मूळ अडचण पाहू. स्क्रीन एक आणि प्रोग्रॅम अनेक. कुणाला किती जागा द्यायची, दाबलेली कळ कुणासाठी होती, वरची खिडकी बाजूला झाल्यावर खालचा झाकलेला भाग पुन्हा कुणी रंगवायचा, हा सगळा व्यवहार सांभाळणारी यंत्रणा म्हणजे विंडो सिस्टिम. सगळं एकाच मशीनमध्ये असेल तर फार त्रास नाही. प्रोग्रॅम एका मशीनवर आणि स्क्रीन दुसऱ्यावर असेल तर मात्र मधल्या तारेतून नेमकं काय पाठवायचं ते ठरवावं लागतं. पुढची सगळी झुंज या एका प्रश्नावर झाली.

तयार चित्रच पाठवलं तर? हिशोब करून बघा. त्या काळी चांगल्या वर्कस्टेशनची, म्हणजे एका माणसाने वापरायच्या ताकदवान कॉम्प्युटरची, ओळख सांगताना तीन 'एम' सांगत: एक मेगाबाइट मेमरी, सेकंदाला दहा लाख सूचना पाळणारा प्रोसेसर आणि दहा लाख ठिपक्यांचा स्क्रीन. ठिपके नुसते काळे-पांढरे धरले तरी एका पूर्ण चित्राला सव्वा लाख बाइट लागतात. इमारतीतले कॉम्प्युटर जोडणारं तेव्हाचं १० मेगाबिटचं इथरनेट सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा लाख बाइट वाहायचं, आणि तेही सगळ्या इमारतीत मिळून. म्हणजे एका माणसाचा स्क्रीन एकदा बदलायला अख्खं नेटवर्क एक दशांश सेकंद अडकून पडणार. चित्र पाठवणं परवडणारं नव्हतं. चित्र कसं काढायचं, एवढंच पाठवता येत होतं.

डब्ल्यूच्या पुढचं अक्षर

अमेरिकेतल्या एमआयटीत १९८३ मध्ये 'प्रोजेक्ट अथीना' सुरू झाला. विद्यार्थ्यांना कॅम्पसभर वर्कस्टेशन वापरता यावीत हा हेतू. मशीन आणि पैसा देणाऱ्या कंपन्या दोन, डीईसी आणि आयबीएम, आणि दोघांचं हार्डवेअर निराळं. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही मशीनवर दिसायला हवा, ही तिथली रोजची गरज होती. डीईसीतर्फे अथीनात काम करणारे जिम गेटिस या अडचणीशी झगडत होते. एमआयटीच्याच दुसऱ्या प्रयोगशाळेत बॉब शाइफलर यांना अनेक मशीनवर पसरलेला प्रोग्रॅम तपासण्यासाठी खिडक्या हव्या होत्या.

स्टॅनफर्डमध्ये पॉल असेंटे आणि ब्रायन रीड यांनी 'व्ही' नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी 'डब्ल्यू' ही विंडो सिस्टिम बनवलेली होती, आणि तिची युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारी आवृत्ती एमआयटीत पोचली होती. शाइफलर यांनी तिचा बराच कोड उचलला, एक गोष्ट मुळापासून बदलली आणि जून १९८४ मध्ये सहकाऱ्यांना कळवलं की दोनेक आठवड्यांत नवी विंडो सिस्टिम तयार झाली आहे. इंग्रजी वर्णमालेत डब्ल्यूच्या पुढे एक्स येतो, म्हणून नाव 'एक्स'.

बदललेली ती गोष्ट कळली की एक्सचं निम्मं मर्म कळतं. डब्ल्यूमध्ये प्रोग्रॅम एक सूचना पाठवायचा, उत्तराची वाट पाहायचा, मग पुढची पाठवायचा. म्हणजे मुलाला मिठासाठी वाण्याकडे पाठवायचं, तो परत आला की गुळासाठी, मग पुन्हा तेलासाठी. एक्समध्ये सगळी यादी एकदाच द्यायची. 'इथे रेघ काढ, तिथे चौकोन भर, ही अक्षरं लिही', सूचना एकामागून एक सुटत राहतात आणि प्रोग्रॅम थांबत नाही. चूक झाली तर तिची वर्दी मागाहून येते. पहिल्याच घोषणेत शाइफलर यांनी वेग साधारण दुप्पट झाल्याचं लिहिलं होतं.

पण नवी खिडकी उघडायची तर तिचा क्रमांक आधी विचारावा लागेल ना, आणि त्यासाठी थांबावंही लागेल? इथे एक्सची युक्ती चेकबुकासारखी आहे. खातं उघडतानाच क्रमांकांचा एक संच प्रोग्रॅमच्या हातात मिळतो. पुढे दर वेळी बँकेला विचारायचं कारण नाही, आपल्या पुस्तकातला पुढचा क्रमांक टाकायचा आणि 'या क्रमांकाची खिडकी उघड' असं सांगून मोकळं व्हायचं. एक रेघ काढायची सूचना एक्सच्या आजच्या ११व्या आवृत्तीत २० बाइटांत बसते. सव्वा लाखांशी तुलना करा.

एक शब्द नवख्याला हमखास गोंधळात टाकतो. सर्व्हर म्हणजे लांब कुठेतरी असलेलं मोठं मशीन, ही आपली सवय. एक्समध्ये सर्व्हर तुमच्या समोर असतो आणि लांबचा प्रोग्रॅम क्लायंट. उलटं वाटतं, पण बरोबर आहे. इथे वाटून द्यायची वस्तू म्हणजे तुमचा स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस. त्या ज्याच्या ताब्यात तो सेवा देणारा, आणि मागायला येणारा प्रोग्रॅम गिऱ्हाईक.

हा सर्व्हर प्रामाणिक आहे, पण त्याला स्वतःची अक्कल नाही. खिडकीत काय रंगवलं होतं हे लक्षात ठेवणं त्याच्यावर बंधनकारकही नाही. झाकलेला भाग उघडा पडला की तो क्लायंटला एवढंच कळवतो की अमुक चौकोन उघडा झालाय, पुन्हा रंगव. बटण कसं दिसावं, खिडकीला मथळ्याची पट्टी असावी का, यातलं काहीही तो ठरवत नाही. साधनं देऊ, धोरण लादणार नाही, हे एक्सवाल्यांचं ब्रीद होतं.

मुनीम पाठवणारी पद्धत

याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या मदतीने 'अँड्र्यू' नावाचा प्रकल्प चालू होता. त्याचीही नेटवर्कवर चालणारी विंडो सिस्टिम होती. तिच्यातल्या खिडक्या एकमेकींवर चढत नसत, फरशीसारख्या शेजारी शेजारी बसत. तिच्यावर काम केलेले जेम्स गॉसलिंग आणि डेव्हिड रोझेंथल पुढे सन मायक्रोसिस्टिम्स या वर्कस्टेशन बनवणाऱ्या कंपनीत आले. सनकडे खिडक्यांसाठी 'सनव्ह्यू' होतं, पण ते एकाच मशीनपुरतं. गॉसलिंग यांनी नव्याने विचार केला आणि त्यातून १९८६ मध्ये 'न्यूज' जाहीर झालं. हे नाव 'नेटवर्कवर चालणारी आणि वाढवता येणारी विंडो सिस्टिम' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचं.

एक्स तारेतून सूचना पाठवतं. न्यूज प्रोग्रॅमच पाठवायचं. लांबच्या पेढीचा धंदा प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी पत्र लिहून चालवता येतो, किंवा आपला मुनीम तिथे बसवून चालवता येतो. मुनीम रोजचे निर्णय तिथल्या तिथे घेतो आणि महत्त्वाचं असेल तेव्हाच मालकाला कळवतो. न्यूजचा सर्व्हर असे मुनीम ठेवून घ्यायला तयार असायचा. त्यांची भाषा पोस्टस्क्रिप्ट, जी अडोबीने प्रिंटरसाठी बनवली होती. सनने तिचा आपला स्वतंत्र इंटरप्रिटर, म्हणजे ती वाचून पाळणारा प्रोग्रॅम, लिहिला आणि तिच्यात माउस-कीबोर्डच्या घटना आणि एकाच वेळी चालणारी छोटी छोटी कामं यांची भर घातली.

फरक कुठे पडतो हे पाहायला चित्र काढण्याचा प्रोग्रॅम घ्या. एका टोकाला माउसचं बटण दाबून धरलंय आणि दुसरं टोक ओढताय. रेघ रबरासारखी ताणली गेली पाहिजे. एक्समध्ये माउस हलला की ३२ बाइटांची वर्दी तारेतून प्रोग्रॅमकडे जाते. प्रोग्रॅम ठरवतो आणि 'जुनी रेघ पूस, नवी काढ' असा निरोप परत येतो, तेव्हा स्क्रीनवर रेघ हलते. दोन्ही मशीन एका इमारतीत असतील तर काही जाणवत नाही. आता प्रोग्रॅम न्यूयॉर्कला आणि तुम्ही मुंबईत, असं धरा. सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद, आणि ते वाटेत कुठेही न थांबता. प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतात. तुमचा हात पुढे गेलेला असतो आणि रेघ मागून फरफटत येते. ही अडचण तार जाड करून सुटत नाही, कारण निरोप लहानच आहे. वेळ लागतो तो प्रवासाला.

न्यूजमध्ये रेघ ताणायचा चार ओळींचा पोस्टस्क्रिप्ट तुकडा एकदाच तुमच्या मशीनवर जाऊन बसतो. माउस हलला की तो तिथल्या तिथे रेघ हलवतो. तुम्ही बटण सोडलंत की न्यूयॉर्कला एकच निरोप जातो: रेघ इथून इथपर्यंत. मला ही कल्पना आजही अतिशय सुंदर वाटते, कारण कुठला निर्णय कुठे घ्यायचा याचं उत्तर ती ज्याच्या त्याच्या गरजेवर सोडते.

पोस्टस्क्रिप्टमुळे आणखी एक फायदा व्हायचा. एक्सचं माप पिक्सेलमध्ये, तेही पूर्णांकात. स्क्रीनवरचे ठिपके बारीक झाले की अक्षरं लहान दिसणार. न्यूजमध्ये माप छपाईतल्या पॉइंटांचं, वक्ररेषा गणिताने काढलेल्या, अक्षरं हव्या त्या आकाराची आणि तिरकी सुद्धा. चौकोनी नसलेली खिडकी एक्समध्ये पुढे वेगळी सोय जोडून आणावी लागली, न्यूजमध्ये ती पहिल्यापासून होती.

मग हरलं कसं?

मोठं कारण परवान्याचं. एक्स १९८५ पासून एमआयटीने कुणालाही घेऊ दिलं: न्या, बदला, आपल्या मशीनबरोबर विका, आम्हाला काही देऊ नका. न्यूजचा सोर्स कोड हवा तर सनकडून पैसे मोजून परवाना घ्यावा लागे. सनने आपली फाइल वाटण्याची एनएफएस पद्धत काही वर्षांपूर्वी सगळ्या उद्योगाच्या गळी उतरवली होती, त्यामुळे हेही चालेल असं त्यांना वाटलं असणार. पण डीईसी, एचपी, आयबीएम हे बाजारात सनशीच लढत होते. आपल्या स्क्रीनची किल्ली प्रतिस्पर्ध्याच्या हातात कोण देईल? सिलिकॉन ग्राफिक्सने काही काळ आपल्या मशीनवर न्यूज घेतलं, बाकीचे बहुतेक एक्सकडे वळले. सप्टेंबर १९८७ मध्ये ११वी आवृत्ती आली आणि १९८८ मध्ये तिची देखभाल करायला कंपन्यांचा गट एमआयटीत स्थापन झाला. तिथे पारडं फिरलं.

पण सगळं खापर परवान्यावर फोडणं न्यायाचं होणार नाही. न्यूजसाठी प्रोग्रॅम लिहिणं अवघड होतं. अर्धा प्रोग्रॅम 'सी' भाषेत आणि अर्धा पोस्टस्क्रिप्टमध्ये लिहायचा. पोस्टस्क्रिप्टमध्ये आधी आकडे आणि मग क्रिया लिहितात, 'तीन चार बेरीज' अशा थाटात, आणि मोठा प्रोग्रॅम तसा वाचणं डोक्याला ताप होतो. कुठला भाग इकडे नि कुठला तिकडे हे प्रोग्रॅमरने ठरवायचं. वाटणी चुकली की दोन्हीकडचे तोटे पदरात. सीमध्ये काम करणाऱ्या हजारो लोकांना एक्स आपल्याच घरातलं वाटलं.

सनने मग दोन्ही पद्धती एकाच सर्व्हरमध्ये घातल्या आणि 'ओपनविंडोज'मधून ते मिश्रण दिलं. १९९३ मध्ये युनिक्स कंपन्यांनी एकसारख्या डेस्कटॉपवर समेट केला आणि सनने न्यूज सोडून दिलं. या झुंजीच्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. धोरण न लादण्याच्या ब्रीदामुळे एक्सवर प्रत्येक प्रोग्रॅमची तऱ्हा वेगळी झाली होती, इतकी की एकातला मजकूर कॉपी करून दुसऱ्यात चिकटवायचा तरी आधी दोघांनी नियम मान्य केलेले हवेत. हे आपसांतले नियम लिहून काढण्याचं किचकट काम केलं ते न्यूजच्या बाजूच्या डेव्हिड रोझेंथल यांनी. एक्सचे प्रोग्रॅम आजही त्या नियमांनी वागतात.

'क्षितिज' लिहिताना

एक्सच्या विजयाची किंमत आपल्या लिपीने मोजली. त्याची मूळ मजकूर लिहिण्याची सूचना अशी: आकड्यांची रांग द्या, प्रत्येक आकड्याला फॉन्टमधलं एक चित्र, चित्रं डावीकडून उजवीकडे लावत जायची. इंग्रजीचं भागतं. आता 'क्षितिज' घ्या. साठवताना त्यात सात खुणा आहेत: क, हलन्त, ष, पहिली वेलांटी, त, पुन्हा पहिली वेलांटी, ज. त्या क्रमाने एकेक चित्र लावलं तर क आणि ष सुटे पडतात आणि दोन्ही वेलांट्या आपापल्या अक्षराच्या मागे जाऊन बसतात. क, हलन्त आणि ष मिळून एकच आकृती होते आणि मागाहून आलेली वेलांटी तिच्या आधी काढायची असते, ही अक्कल कुणाला तरी हवी.

कुणाला? पुन्हा तोच प्रश्न. मुंबईत जुहूला असलेल्या एनसीएसटी या संस्थेने 'इंडिक्स' प्रकल्पात ही अक्कल खुद्द एक्सलाच शिकवायचा मार्ग घेतला, म्हणजे वरचे प्रोग्रॅम न बदलता भारतीय लिप्या दिसतील. विचार अगदी रास्त होता. पण जगाचा ओघ उलट दिशेने गेला. जोडाक्षरं जुळवायचं काम क्लायंटच्या बाजूच्या 'पँगो'सारख्या लायब्ररींनी (प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचांनी) उचललं, आणि २०००च्या सुमारास कीथ पॅकार्ड यांनी एक्सला जोडलेल्या 'रेंडर' सोयीमुळे प्रोग्रॅम स्वतः तयार केलेली, कडा गुळगुळीत असलेली अक्षरचित्रं सर्व्हरला देऊ लागला. आज लिनक्सवर 'क्षितिज' नीट दिसतं, कारण एक्सला ते लिहायला कुणी सांगतच नाही.

हळूहळू सगळंच तसं झालं. बटणं, रेघा, चित्रं, सगळं प्रोग्रॅम स्वतः रंगवणार आणि एक्स नुसता हमाल. मग हमाल तरी मध्ये कशाला, असं २००८ मध्ये क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी विचारलं आणि 'वेलँड' सुरू केलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं हे नाव. त्यात प्रोग्रॅम आपली खिडकी मेमरीत पूर्ण रंगवतो आणि मधला घटक सगळ्या खिडक्या एकत्र जुळवून दाखवतो. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या कळा चोरून वाचणं एक्समध्ये सहज शक्य होतं, ते वेलँडने बंद केलं. ही सुधारणा फार आधीच व्हायला हवी होती. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या फेडोराने २०१६ मध्ये २५व्या आवृत्तीपासून वेलँड मुख्य केलं. नेटवर्क मात्र त्याच्या मूळ रचनेत नाही. लांबची खिडकी हवी तर वरून वेगळी सोय लावायची.

आणि न्यूज? ब्राउझरमध्ये नकाशा उघडून बोटाने सरकवा. लांबच्या मशीनने एकदाच पाठवलेला जावास्क्रिप्टचा कोड तुमच्या फोनवर चालतो, नकाशा तिथल्या तिथे सरकतो आणि नवा तुकडा लागला तेवढाच मागवला जातो. मुनीम तुमच्या खिशात येऊन बसलाय. गॉसलिंग यांनीही पुढे जावा भाषा घडवली, आणि १९९५ मध्ये ती लोकांसमोर आली ती ब्राउझरमध्ये पोचून चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांसह.

सुरुवातीचा प्रयोग वेलँडवाल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवरही करून पाहा. जुन्या प्रोग्रॅमांसाठी बहुतेक ठिकाणी वेलँडच्या पोटात एक एक्स सर्व्हर ठेवलेला असतो. घड्याळ उघडेल. न्यूयॉर्कचे किती वाजलेत ते दाखवेल. आणि काटे सरकवायच्या सूचना ज्या भाषेत येतील, तिच्या आवृत्तीचा आकडा १९८७ पासून ११ वरच आहे.